गुनपे योकोई : एका खेळणी करणाऱ्याचे चरित्र

शाळेच्या वार्षिकात चरित्र द्यावयाचे म्हणजे ते एखाद्या शास्त्रज्ञाचे, सेनापतीचे अथवा मिशनऱ्याचे असावे, असा संकेत आहे. यंदा आम्ही तो मोडीत आहो. हातात धरून खेळावयाच्या ज्या यंत्रांपायी मुलांस आईबापांची बोलणी खावी लागतात, त्यांपैकी आरंभीच्या अत्यंत गाजलेल्या यंत्रांच्या कर्त्याची ही हकीगत आहे. हे वाचून ज्या पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, त्यांनीच ती आधी वाचावी अशी आमची विनंती आहे.

गुनपे योकोई यांचा जन्म जपानातील क्योतो नगरीत १० सप्टेंबर १९४१ रोजी झाला. उच्च शिक्षण त्याच नगरीतील दोशिशा विद्यापीठात झाले. येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. ही संस्था जोसेफ नीजिमा या जपानी ख्रिस्ती गृहस्थांनी १८७५ साली स्थापिली, आणि तीस साहाय्य केले ते अमेरिकन बोर्डाने. ज्या बोर्डाचे मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत व पुढे अहमदनगरास कार्य करू लागले, तेच हे बोर्ड. तेव्हा योकोई यांचे विद्यापीठ आणि आपल्याकडील कित्येक जुन्या मिशन शाळा या एकाच घरच्या लेकी होत.

योकोई विद्युत्‌विद्या शिकले. परंतु वर्गात त्यांची गणना पहिल्या ओळीत होत नसे, व मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांस घेतले नाही. अखेर १९६५ साली ते गावातल्याच निन्टेंडो नामक कारखान्यात लागले. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली काढलेल्या या कारखान्यात फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' पत्ते तयार होत. पत्ते करणाऱ्या यंत्रांची निगा राखावी आणि ती बिघडल्यास दुरुस्त करावी, हेच या पदवीधराचे काम.

यंत्रे नीट चालत असली की योकोई यांस काम नसे. अशा रिकाम्या वेळी त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा हात बनविला. दुकानाचा जाळीदार लोखंडी दरवाजा ओढताच जसा पसरतो, तशी त्याची रचना होती. मुठी मिटल्या की पट्ट्या लांबत आणि टोकाचा चिमटा वस्तू पकडी. १९६६ साली कारखान्याचे मुख्य हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला. योकोई यांस बोलावणे आले, तेव्हा आता कानउघाडणी होणार अशीच त्यांची समजूत झाली. परंतु हुकूम सुटला तो हे खेळणे विक्रीस काढण्याचा. त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले, आणि यंत्रांची देखभाल करणारा तरुण खेळणी शोधून काढण्याच्या कामावर नेमला गेला.

पुढील कित्येक वर्षांतील लहानमोठ्या खेळण्यांचा पाढा आम्ही वाचीत नाही. एके दिवशी आगगाडीच्या प्रवासात त्यांनी एक गृहस्थ पाहिले. कंटाळलेले ते गृहस्थ खिशातील कॅलक्युलेटरच्या कळा उगाच दाबीत बसले होते. वेळ घालविण्यास एवढे पुरत असेल, तर तेवढ्याच आकाराचा खेळ का नसावा, असे योकोई यांच्या मनात आले. पुढे यामाउची यांचा सारथी हजर नसल्याने मोटार हाकण्याची पाळी योकोई यांवर आली, तेव्हा वाटेत त्यांनी ही कल्पना बोलून दाखविली. कॅलक्युलेटर बनविणाऱ्या शार्प कंपनीशी बोलणे झाले, आणि १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाले. या मालेतील यंत्रांचा खप पुढे ४ कोटी ३४ लाखांवर गेला. १९८२ सालच्या त्यांतील एका यंत्रावर योकोई यांनी दिशा दाखविणारी क्रुसाच्या आकाराची कळ बसविली. आजही खेळयंत्रांवर अंगठा टेकतो तो बहुधा तिच्यावरच.

त्यांचा एक नियम होता. नवे तंत्र महाग व लहरी असते. जुने झाले की ते स्वस्त होते आणि त्याचे गुणदोष सर्वांस ठाऊक होतात. असे जुने तंत्र, ज्या कामासाठी ते जन्मले नाही त्या कामास लावून पाहावे. १९८९ सालच्या 'गेम बॉय' यंत्रात हा नियम कसोटीस लागला. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत होती. याचा पडदा हिरवट, त्यावर चारच छटा. परंतु ती रंगीत यंत्रे सहा सेल खाऊन पाच तासांच्या आसपास मान टाकीत, आणि हे चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. १९९८ सालची रंगीत आवृत्ती धरून त्याचे ११ कोटी ८६ लाख नग विकले गेले. आमच्या मते यात चातुर्यापेक्षा धीर अधिक होता; शेजारी रंग दिसत असता करडेपणावर टिकून राहणे सोपे नव्हे.

यानंतर अपयश आले. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' डोळे लावून पाहावयाचा, चित्रे केवळ लाल. खेळणाऱ्यांचे डोळे शिणत, आणि आत काय दिसते हे दुकानात इतरांस दाखविता येईना. वर्षभरात तो बंद पडला. ऑगस्ट १९९६ मध्ये योकोई यांनी निन्टेंडो सोडली. त्या अपयशामुळेच त्यांस जावे लागले असे लोक बोलत. त्यांनी स्वतः मात्र पन्नाशीनंतर स्वतंत्र व्हावयाचे आधीच ठरले होते असे सांगितले. आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवितो.

त्यांनी क्योतोत 'कोतो' नावाची लहानशी संस्था काढली आणि बंदाई कंपनीसाठी नवे यंत्र आखावयास घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील हमरस्त्यावर त्यांच्या मोटारीची पुढील वाहनाशी टक्कर झाली. काय मोडले ते पाहण्यास ते खाली उतरले, तोच दुसऱ्या मोटारीने त्यांस धडक दिली. वय अवघे ५६ होते.

ते यंत्र, 'वंडरस्वान', मार्च १९९९ मध्ये बाजारात आले. ते एकाच सेलावर चाले, आणि त्यावरील एका कोड्याच्या खेळास 'गुनपे' हे नाव देण्यात आले होते.