प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी संघवी

विसाव्या शतकात जैन दर्शनाला विद्यापीठीय अध्ययनात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या विद्वानांमध्ये पंडित सुखलालजी संघवी यांचे नाव अग्रभागी आहे. ‘प्रज्ञाचक्षू’ हे विशेषण त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे होते. ज्या संस्कृत-प्राकृत ग्रंथांच्या संपादनाने त्यांची कीर्ती झाली, त्यांतील एकही पान त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले नव्हते.

पंडितजींचा जन्म 8 डिसेंबर 1880 रोजी सौराष्ट्रातील सुरेंद्रनगरजवळच्या लिमली या गावी एका स्थानकवासी व्यापारी कुटुंबात झाला. गावच्या शाळेतील गुजराती शिक्षण आटोपून ते घरच्या व्यवसायात लक्ष घालू लागले होते. 1897 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवीच्या साथीत त्यांची दृष्टी कायमची गेली. त्या काळी अशा मुलाच्या वाट्याला घराच्या कोपऱ्यातील परावलंबी जीवनच यायचे. परंतु गावात चातुर्मासासाठी येणाऱ्या साधु-साध्वींच्या सहवासात त्यांनी सूत्रे, स्तवने आणि थोकडे ऐकून मुखोद्गत करण्यास आरंभ केला. ऐकलेले ते विसरत नसत. मात्र केवळ पाठांतराने त्यांचे समाधान होईना. शब्दांमागचा अर्थ जाणण्यासाठी संस्कृत शिकणे त्यांना आवश्यक वाटू लागले.

मुनिश्री धर्मविजयजी (पुढे आचार्य विजयधर्मसूरी) यांनी काशीमध्ये यशोविजय जैन पाठशाळा स्थापन केल्याचे कानी आले, आणि 1904 मध्ये सुखलालजींनी काशीची वाट धरली. दृष्टी नसलेल्या तरुणाने एवढ्या दूरच्या प्रवासास निघावे, तेही मूर्तिपूजक परंपरेच्या पाठशाळेत स्थानकवासी घरातून जावे, ही गोष्ट घरच्यांच्या सहज पचनी पडणारी नव्हती. काशीत त्यांनी आचार्य हेमचंद्रांचे व्याकरण कंठस्थ केले. पुढे पाठशाळेचा आश्रय सुटला. तेव्हा गंगाकाठी भदैनी येथील जैन मंदिरात सहाध्यायी व्रजलालजींसह हलाखीत राहून त्यांनी अध्ययन चालू ठेवले. नव्यन्यायासाठी ते मिथिलेस गेले आणि पंडित बालकृष्ण मिश्रांचे शिष्य झाले. ब्राह्मण पंडितांच्या त्या परंपरेत एक अंध जैन विद्यार्थी बरोबरीने वादास बसत असे, हे दृश्य त्या काळी विरळाच म्हणावे लागेल.

अध्ययनानंतर काही वर्षे आग्रा येथे राहून त्यांनी कर्मग्रंथांचे हिंदी विवेचन सिद्ध केले. कर्मशास्त्राचा अभ्यास करणारे आजही ते हाताशी ठेवतात. त्यानंतर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठातील पुरातत्त्व मंदिरात 1922 च्या सुमारास ते रुजू झाले आणि तेथेच त्यांच्या हातून ‘सन्मतितर्क’ घडला. आचार्य सिद्धसेन दिवाकरांची मूळ प्राकृत कृती लहान, पण तिच्यावरील अभयदेवसूरींची टीका सुमारे 25,000 श्लोकप्रमाण आहे आणि तीत त्या काळातील बहुतेक सर्व भारतीय दर्शनांचे वाद सामावले आहेत. पंडित बेचरदास दोशी यांच्यासह पंडितजींनी हे काम अनेक वर्षे अखंड चालविले. वाचक हस्तलिखित मोठ्याने वाचत, दुसऱ्या प्रतीतील पाठ सांगत. पंडितजी ऐकून योग्य पाठ ठरवीत. एखादे वाक्य कोणत्या बौद्ध अथवा मीमांसक ग्रंथाला उद्देशून आले आहे, हे ते आठवणीतूनच सांगत आणि टिपण उतरवून घ्यावयास लावीत. डोळसांनाही दमविणारे हे काम त्यांनी केवळ श्रवण आणि स्मरण यांच्या बळावर तडीस नेले.

1933 मध्ये ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापक झाले. विद्यार्थी म्हणून ज्या नगरीत उपासमार सोसली, तेथेच त्यांनी अकरा वर्षे अध्यापन केले. हेमचंद्राचार्यांच्या ‘प्रमाणमीमांसे’ची त्यांची आवृत्ती (1939) याच काळातील आहे. तिच्या टिपणांत प्रत्येक जैन संकल्पना न्याय, बौद्ध आणि मीमांसा यांच्या विकासक्रमात ठेवून तपासली आहे. आपल्या आचार्यांनी इतरांकडून काय घेतले आणि इतरांना काय दिले, हे दोन्ही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने मांडले. दलसुखभाई मालवणिया हे त्यांचे पट्टशिष्य पुढे त्यांच्याच जागेवर आले, तर दिगंबर परंपरेतील पंडित महेंद्रकुमार न्यायाचार्य यांनाही त्यांचा मोठा आधार लाभला.

पंडितजींच्या अनेकांतनिष्ठेचा खरा कस एका निराळ्याच ग्रंथात दिसतो. 1926 मध्ये पाटणच्या जैन भांडारात जयराशिभट्टाच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाची ताडपत्रावरील प्रत हाती आली. प्रत्यक्षासह सर्व प्रमाणांचे खंडन करणारा, आत्मा आणि परलोक यांना थारा न देणारा हा लोकायत परंपरेतील ग्रंथ आहे. त्याची दुसरी प्रत उपलब्ध नव्हती. ज्या मताचे खंडन आपल्या आचार्यांनी शतकानुशतके केले, त्याच मताचा ग्रंथ जैन भांडाराने जपला होता. पंडितजींनी रसिकलाल परीख यांच्यासह तितक्याच निष्ठेने त्याचे संपादन करून 1940 मध्ये तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध केला.

हीच दृष्टी स्वगृही वापरली तेव्हा मात्र त्यांना विरोध सोसावा लागला. सर्वज्ञता म्हणजे त्रिकाळातील सर्व पदार्थांचे एकाच वेळी होणारे ज्ञान, हा रूढ अर्थ कालांतराने घडला असून मूळ अर्थ आध्यात्मिक होता, असे त्यांनी प्रतिपादिले. बालदीक्षेविरुद्ध त्यांनी लिहिले. तत्त्वार्थसूत्राचे भाष्य स्वतः उमास्वातींचेच आहे हे त्यांचे मत, तसेच आचार्य समंतभद्रांच्या काळाविषयीचा त्यांचा निर्णय दिगंबर विद्वानांना मान्य झाला नाही. पंडित जुगलकिशोर मुख्तार यांनी त्याचा प्रतिवाद केला. पुरातत्त्व मंदिरातील सहकारी धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी लिहिले, तेव्हा जैन समाजात मोठा क्षोभ उसळला. पंडितजींनी या प्रश्नावर लिहिताना आगमांतील वादग्रस्त उल्लेख दडविले नाहीत. अहिंसेचा आचार क्रमाक्रमाने कसा दृढ होत गेला याचा इतिहास त्यांनी शांतपणे मांडला. दोन्ही बाजूंचे पूर्ण समाधान त्यांच्या लेखनाने झाले नसावे. तरीही मुंबई जैन युवक संघाच्या पर्युषण व्याख्यानमालेचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे भूषविले आणि श्रोत्यांची गर्दी कधी ओसरली नाही.

1944 ते 1947 या काळात मुंबईच्या भारतीय विद्या भवनात काम करून ते अहमदाबादेस स्थायिक झाले. 1957 मध्ये मुंबईत डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्यांचा अखिल भारतीय सत्कार झाला. त्या प्रसंगी अर्पण केलेली थैली त्यांनी स्वतःकडे न ठेवता ज्ञानोदय ट्रस्ट स्थापून ग्रंथप्रकाशनासाठी दिली. ‘दर्शन अने चिंतन’ या गुजराती लेखसंग्रहास 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तर 1974 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. वार्धक्यातही सकाळी कोणी ग्रंथ वाचून दाखवावा आणि पंडितजींनी मध्येच थांबवून प्रश्न करावा, हा क्रम चालू होता. 2 मार्च 1978 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी, अहमदाबाद येथे त्यांचे देहावसान झाले.