टॉमस जेफरसन यांची रोजची वही

टॉमस जेफरसन (१७४३–१८२६) यांचा हवामान, बाग व जमाखर्च नित्य टिपून ठेवण्याचा परिपाठ राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातही (१८०१–१८०९) सुटला नाही. मानवी समतेची घोषणा करणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी १७७६ मध्ये लिहिला. त्याच वर्षीच्या ४ जुलैस तापमापक विकत घेतल्याची नोंद त्यांच्या हिशेबात आढळते. व्हर्जिनियातील माँटिसेलो येथील शेतीच्या वहीत मात्र गुलामांची नावे, त्यांना वाटलेले कापड व पांघरुणे यांचीही तितक्याच नेटकेपणाने गणती आहे. हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. मागे राहिलेल्या कर्जापायी १८२७ मध्ये १३० गुलामांचा लिलाव पुकारण्यात आला. जाहीरनाम्याच्या अभ्यासकाला ही वहीही वाचणे प्राप्त आहे.