कृष्ण पाल सुतार ह्यांचा संसार व त्यांची साक्ष

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. जो पगारी उपदेशक नाही, ज्यास दिवसभर धंदा करून बायकामुले पोसावयाची आहेत, त्याने प्रभूची सेवा करावी तरी कशी? ह्याचे उत्तर बंगालच्या एका सुताराच्या चरित्रात आहे, म्हणून ते आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

कृष्ण पाल ह्यांचा जन्म सुमारे १७६४ साली चंद्रनगराजवळ झाला. पुढे ते कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या तीरी, सेरामपूर येथे राहू लागले. त्या काळी हे गाव डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. घरी पत्नी रसमयी, मेहुणी जयमणी व मुली असा परिवार होता. हातांनी सुतारकाम चाले, पण मन शांतीच्या शोधात असे. घोषपाड्याच्या कर्ताभजा पंथात ते पुष्कळ वर्षे राहिले व तो मार्ग त्यांनी इतरांसही शिकविला. तथापि पापाचे ओझे काही हलके झाले नाही.

इ. स. १८०० च्या नोव्हेंबर महिन्यात स्नानास जाताना त्यांचा पाय घसरला व खांदा निखळला. सुताराचा हात गेला म्हणजे घरची चूल विझण्याचा प्रसंग! मिशनचे डॉ. थॉमस, विल्यम कॅरी व मार्शमन हे धावून आले व त्यांस झाडास बांधून निखळलेला सांधा बसविला. ज्यांनी हात बरा केला त्यांच्यापाशी आत्म्याचेही औषध असेल, असे वाटून कृष्ण पाल मिशनच्या घरी येऊ लागले. फेलिक्स कॅरी व वॉर्ड ह्यांनी त्यांस सुवार्ता समजावून सांगितली.

ता. २२ डिसेंबर रोजी ते व त्यांचे मित्र गोकूल मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसून जेवले. जात गेली, ही बातमी गावभर पसरली. मोठा जमाव जमला व त्या दोघांस ओढीत न्यायाधिशापुढे नेण्यात आले. पण त्याने त्यांस सोडून दिले. भीतीने व आप्तांच्या रडण्याने गोकूल आणि घरच्या स्त्रिया त्या वेळी मागे सरल्या. कृष्ण पाल ह्यांनी कोणावरही जबरदस्ती केली नाही; तसेच ते स्वतःही मागे फिरले नाहीत. ता. २८ डिसेंबर १८०० रोजी, कॅरी ह्यांचे पुत्र फेलिक्स ह्यांच्यासह, हुगळी नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कॅरी बंगालात येऊन त्या वेळी सात वर्षे लोटली होती. पुढील वर्षी जयमणी, रसमयी व गोकूल ही तिघेही प्रभूकडे आली. पतीची सहनशीलता हाच ह्या घरातील पहिला उपदेश होता, असे आम्हांस वाटते.

परंतु क्रूस घरातच उभा होता. थोरली मुलगी गोलोक हिचे लग्न पूर्वीच बालपणी कलकत्त्याच्या एका मनुष्याशी लावून दिलेले होते. १८०१ साली सासरच्या लोकांनी तिला बळजबरीने नेले. लेकीसाठी बापाचे काळीज किती तुटले असेल, हे ज्यांस लेकी आहेत त्यांस सांगावयास नको. काही काळाने ती परत आली व तिनेही प्रभूचा स्वीकार केला. १८०३ च्या एप्रिल महिन्यात दुसरी मुलगी आनंद हिचा विवाह ब्राह्मण कुळातून आलेले बंधु कृष्णप्रसाद ह्यांच्याशी झाला. सुताराच्या अंगणात ब्राह्मण जावई झाला व सर्वांनी एकत्र भोजन केले! त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

त्यांची हत्यारेही प्रभूच्या कामी आली. घरासमोर त्यांनी स्वखर्चाने उपासनेसाठी एक लहानसे घर उभारले. १८०३ च्या शरदात गोकूल प्रभूमध्ये निजले, तेव्हा कृष्ण पाल ह्यांनी शवपेटी करून दिली व ती आपल्या खर्चाने मलमलीने मढविली. ती पेटी मार्शमन, फेलिक्स कॅरी, ब्राह्मण कुळातील भैरव व मुसलमान घराण्यातील पिरू ह्या चौघांनी खांद्यावर वाहिली. रस्त्यातील लोक पाहतच राहिले. ख्रिस्तात जातिभेद नाही, हे ज्यांस शब्दांनी पटले नव्हते त्यांनी ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

पुढे ते उपदेशक झाले. कलकत्त्यात त्यांनी सुवार्ता सांगितली व १८१३ साली ते सिल्हेटकडे खासी डोंगरांच्या पायथ्याशी गेले. तेथे ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांत दोघे खासी होते. त्यांनी बंगालीत गीतेही रचली; त्यांतील एकाचे मार्शमन ह्यांनी इंग्रजी भाषांतर केले. ज्या सेरामपुरात ते राहत तेथूनच १८११ साली मराठी नवा करार छापून निघाला, हे आपणही विसरू नये. ता. २२ ऑगस्ट १८२२ रोजी पटकीच्या आजाराने त्यांचा अंत झाला.

प्रिय बंधुभगिनींनो, कृष्ण पाल ह्यांची साक्ष व्यासपीठावर नव्हे, तर अंगणात व कामाच्या जागी सुरू झाली. आपल्यापाशी रंधा असो, नांगर असो की सुई असो, ती प्रभूच्या हाती द्यावी. आणि घरातील जो कोणी अद्याप मागे आहे त्याची प्रीतीने वाट पाहावी. मग रोजचे कष्ट व संसार हीच आपली सेवा होईल.