आवाज गेला, गाणं राहिलं

मागच्या गॅदरिंगला जे हजर होते त्यांना मी आठवत असेनच. स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं घेऊन स्टेजवर गेलो आणि दुसऱ्या कडव्यात वरच्या 'सा'ला आवाज फाटला. मागून शिट्ट्या आल्या. पुढचे पंधरा दिवस मेसमध्ये कुणी ना कुणी तो फाटका सूर काढून दाखवायचं. मी पण हसायचो, पण रूमवर आल्यावर गाण्याची वही ट्रंकेच्या तळाशी टाकली ती टाकलीच.

मी गंगाखेडचा, म्हणजे संत जनाबाईंच्या गावचा. लहानपणापासून भजनात उभा राहिलेला. आमचं मंडळ काळी चारमध्ये गातं, म्हणून मी पण काळी चारच धरून बसलो. आपला गळा तिथवर जातो का, हे कधी बघितलंच नाही. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मंडळातल्या पेटीवाल्या आजोबांनी विचारलं, का रे, गाणं का सोडलंस? मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. अल्लादिया खाँसाहेबांचं नाव ऐकलंय का, एवढंच म्हणाले. ऐकलं नव्हतं. मग मिळेल ते वाचत गेलो.

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातल्या उनियारा गावचा. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणं. काका जहांगीर खाँ यांच्याकडे आधी धृपदाची आणि मग ख्यालाची अशी कित्येक वर्षं तालीम झाली. तरुणपणीच त्यांचं नाव झालं. पुढे माळव्यातल्या अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात त्यांचा मुक्काम होता. तिथे दरबारात गाणं अति झालं आणि आवाज बसला. साधा बसला नाही, गेलाच.

मित्रांनो, विचार करून बघा. वर्कशॉपमध्ये टूल तुटलं तर दुसरं आणता येतं. गळ्याचा स्पेअर पार्ट मिळत नाही! ज्याचं पोटच गाण्यावर, त्याने काय करावं? काही काळाने खाँसाहेबांचा आवाज आला, पण तो पहिल्यासारखा नव्हता. जुन्या आवाजाची वाट बघत बसायचं, नाहीतर मिळालेल्या आवाजाशी जमवून घ्यायचं, एवढंच हातात होतं.

खाँसाहेबांनी या नव्या आवाजाला पेलेल असं गाणं बांधायला घेतलं. जयपूर-अत्रौली गायकी म्हणतात ती ही. यात तान सरळ वर चढून सरळ खाली येत नाही, वळणं घेत जाते. ती लयीला घट्ट बांधलेली असते, त्यामुळे दम कुठे घ्यायचा याचाही हिशोब ठेवावा लागतो. फारसे कुणी न गाणारे अनवट राग त्यांनी पुढे आणले, बंदिशी बांधल्या. आवाज गेला होता, विद्या गेली नव्हती. सगळी भिस्त त्यांनी विद्येवर टाकली.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारात आश्रय दिला. १९२२ साली महाराज गेल्यावर खाँसाहेब मुंबईला आले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही त्यांच्या शिष्यांतली मोठी नावं. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांनी स्वतःच्या गाण्याची एकही रेकॉर्ड होऊ दिली नाही. म्हणजे तो आवाज कसा होता, हे आज कुणालाच ऐकता येणार नाही. पण गायकी ऐकता येते, ती शिष्यांच्या गळ्यातून.

आणि आपल्या ब्रँचवाल्यांसाठी एक गोष्ट. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. अमलेट्यात ज्याचा आवाज गेला, त्याच्या शिष्येचा आवाज आज ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत चाललाय!

आता माझं. मी काही खाँसाहेब नाही, आणि माझ्यामागे कित्येक वर्षांची तालीम पण नाही. त्यामुळे माझ्या गळ्यातून नवं घराणं वगैरे निघणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. पण आजोबांच्या पेटीवर बसून एक काम केलं. खाली कुठवर जातो, वर कुठवर जातो, न ओरडता, हे सूर लावून तपासलं. काळी चार सोडून काळी एकवर आलो. दुसऱ्या कडव्याची चाल बदलली, एक ओळ नव्यानेच लिहिली. सुरुवातीला कमीपणा वाटला, खोटं कशाला बोलू. पण पहिल्यांदाच माझेच शब्द मला नीट ऐकू आले.

हॉस्टेलच्या गणपतीत तेच गाणं म्हटलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. शिट्टी एकही नाही. रात्री मेसमध्ये, माझी नक्कल सगळ्यात जास्त करणारा मित्र ताट घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, दुसरं कडवं लिहून दे ना.

वही ट्रंकेतून वर काढलीय.