अंगणवाडी हा शब्द आला कुठून? शाळाच पोरांच्या दारात नेणाऱ्या ताराबाई मोडक

कुडाळ तालुक्यातलं वालावल म्हटलं की रीलमधलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचा तलाव आठवतो. पण कोकणातल्या अशा गावांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे अंगणवाडी. शब्द अगदी सरकारी वाटतो ना? पण त्याची गोष्ट सुरू होते ताराबाई मोडक यांच्यापासून.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही. १९२३ मध्ये लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे पोहोचल्या. गिजुभाई वकिली सोडून मुलांमध्ये रमलेले. तिथल्या बालमंदिरात माँटेसरी पद्धत चालायची. पाठांतर, छडी असलं काही नाही, मुलांनी वस्तू हाताळत शिकायचं. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. नंतर ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

सगळं छान चाललं होतं, पण शहरातल्या मुलांपुरतं. माँटेसरीची लाकडी साधनं महाग. मग गरिबाच्या पोरांनी काय करायचं?

या प्रश्नापायी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीत आल्या. सोबतीला अनुताई वाघ. महागड्या साधनांच्या जागी आले शंख-शिंपले, खडे, बिया, पानं. यात तडजोड वाटेल, पण नाही. लहान-मोठे शिंपले वेगळे लावताना मूल तुलना शिकतं. दहा-दहा बियांचे ढीग केले की दशक हाताला कळतं, पाटीवर नंतर येतं. वालावलात हेच करायचं तर काजूच्या बिया, सुपाऱ्या आणि करवंट्या आहेतच की!

तरीही एक अडचण उरलीच. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आधी आंघोळ, मग गाणी, खेळ, हातकाम. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे. मग काय, शाळा गेली कुरणात आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडीही इथलीच. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरल्या बहिणीची शाळा बुडायची, तर धाकट्यालाही सोबत येऊ दे, इतका साधा हिशोब.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.