राजाने राज्य उभारले, राष्ट्र का घडले नाही?

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील बुद्ध लेण्यांना पांडवांचे नाव चिकटवण्यात आले. पांडवांचा या लेण्यांशी काडीचाही संबंध नाही. लेणी कोणी खोदवली, कोणाला दान दिली, हे भिंतींवरच कोरलेले आहे. त्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका राजाची थोरवी सांगितली आहे. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. शाळेच्या पुस्तकात तो परकीयांना हुसकावणारा शूर राजा म्हणून भेटतो. ते खरेच आहे. पण तो लेख शेवटपर्यंत वाचला, तर बहुजन समाजाने विचार करावा असा एक प्रश्न त्यातून उभा राहतो.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी गौतमीपुत्र गादीवर आला तेव्हा सातवाहनांचे राज्य खिळखिळे झाले होते. नाशिक, कार्ले, जुन्नर हा सारा मुलूख क्षहरात क्षत्रप नहपानाच्या ताब्यात होता. नहपानाचा जावई उषवदात नाशिक भागात कारभार पाहत होता. गौतमीपुत्राने फौज जमवली आणि क्षहरातांची सत्ता मुळासकट उखडली. मूलक, अश्मक, विदर्भ, कोकण, सौराष्ट्र, माळवा एवढा प्रदेश त्याच्या अमलाखाली आल्याचे लेख सांगतो.

केवळ लढाई जिंकून राज्य चालत नाही, हे त्याला ठाऊक होते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. बाजारात हातोहात फिरणाऱ्या प्रत्येक नाण्याने लोकांना सांगितले की, मालक बदलला आहे.

राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला हुकूम धाडला. पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना देण्यात आले. राजाच्या शिपायांनी त्यात शिरू नये, तेथे मीठ खणू नये, अशा सवलतीही दिल्या. पुढे ते शेत पडीक राहिले, गाव ओस पडले. तेव्हा २४ व्या वर्षी राजा आणि राजमाता यांनी नवा हुकूम काढून सरकारी जमिनीतील १०० निवर्तने दिली. दान कागदावर राहू नये याची काळजी घेणारा हा कारभार होता.

त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, आई गौतमी बलश्रीने हे लेणे भदायनीय भिक्खूसंघाला दान दिले आणि मुलाची कीर्ती कोरवली. न्यायाने कर घेणारा, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होणारा, थोरांप्रमाणे लहानांच्याही घरांची भरभराट करणारा असा तो राजा होता, असे ही माता सांगते. मात्र त्याच लेखात आणखी एक बढाई आहे. त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला, तो अद्वितीय ब्राह्मण होता आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली!

इथेच गोम आहे. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातही राजांनी अशीच सत्ता वाढवली. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने १४३९ मध्ये सरदारांच्या खासगी फौजांवर बंदी घातली आणि १४४५ पासून स्वतःची कायम फौज उभारली. स्पेनच्या राजाराणीने राज्य एक केले; पण १४९२ मध्ये ज्यूंना धर्म सोडा, नाहीतर देश सोडा असे फर्मावले. ज्यांनी धर्म बदलला त्यांनाही रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली दूर ठेवले गेले. फ्रान्समध्येही राजाने सरदारांना वेसण घातली, पण जन्माचे विशेषाधिकार मोडले ते १७८९ मध्ये जनतेच्या क्रांतीने. राजा प्रदेश जोडतो. माणसे जोडायला समता लागते.

गौतमीपुत्राने प्रदेश जोडला, पण माणसे वेगळी ठेवण्याचे श्रेय त्याच्या नावावर कोरले गेले. गंमत अशी की, ज्या शकांना हरवल्याचा डांगोरा पिटला, त्याच शकांच्या महाक्षत्रपाची मुलगी पुढे सातवाहन घराण्यात सून म्हणून आली. कान्हेरीचा शिलालेख त्याला साक्ष आहे. म्हणजे सरमिसळीची बंदी प्रजेला, राजघराण्याला मोकळीक!

भिक्खूसंघाला जमीन देणारे राज्य वर्णाची भिंतही राखत होते. बुद्धाच्या संघात जन्माने कोणी मोठा नव्हता. संघाचा आश्रयदाता मात्र जन्माच्या उतरंडीचा राखणदार म्हणून गौरवला गेला. त्या भिंतीची किंमत कोणी मोजली? याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू करावा लागला, तो आमच्याच माणसांना. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेला बजावले होते की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र होऊ शकत नाहीत, आणि बंधुतेशिवाय समता व स्वातंत्र्य रंगाच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत.

आज पराक्रमी राजांचे उत्सव जोरात होतात. राजाने किती मुलूख जिंकला, हे जरूर सांगावे. पण त्याच्या राज्यात माणूस माणसाजवळ आला की दूर गेला, हेही विचारावे. त्रिरश्मीवर जाल तेव्हा वंदना घ्या, आणि मग तो लेख मुलांना शेवटपर्यंत समजावून सांगा.