शाहू छत्रपतींची बोर्डिंगे आणि आपली मुले

२६ जूनला सामाजिक न्याय दिनी गावोगावी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो. आरक्षणाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. परंतु राखीव जागेपर्यंत पोहोचण्यासाठी खेड्यातल्या पोराला आधी शहरात पथारी टाकायला जागा आणि दोन वेळची भाकर लागते, हे ज्याने ओळखले तो राजा भाषणांतून राहून जातो.

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा विशीही पूर्ण झाली नव्हती. दरबारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. वेदोक्ताच्या प्रकरणात तर खुद्द छत्रपतींनाच शूद्र ठरविण्यात आले. जेथे राजाची ही गत, तेथे महार-मांगांच्या लेकरांची काय असेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

वसतिगृहाचा पहिला प्रयोग त्यांनी १८९६ साली केला. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होते. पण व्यवस्था ब्राह्मण मंडळींच्या हाती राहिली आणि थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार कागदोपत्री सर्वांना उघडे होते, आत मात्र एकाच जातीचे राज्य होते. आजच्या खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

महाराजांनी मग मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. पुढे लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, ख्रिस्ती, नाभिक अशा अनेक समाजांची बोर्डिंगे कोल्हापुरात उभी राहिली. दरबार जागा, इमारत आणि अनुदान देई, समाजाने वर्गणी काढून कारभार पाहावा अशी रीत होती. त्यामुळे ज्या जातींत शिकलेला माणूस औषधालाही नव्हता, त्यांच्यात संस्था चालविणारी माणसे तयार झाली.

यावरून शाहूंनी जातीयवाद वाढविला असा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. त्याचे उत्तर त्यांच्या कारभारातच आहे. १९०२ साली त्यांनी मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसविली. राहण्याची सोय वेगळी, पण शिकण्याचा बाक एकच! बोर्डिंग ही वर चढण्याची शिडी होती.

शिडीची भिंत होण्याचा धोकाही होताच. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेलेल्या भाऊराव पाटलांनी परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास नकार दिला, म्हणून त्यांना जैन बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले. याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. त्याला पुढे शाहूंचेच नाव मिळाले.

१९२० साली माणगाव परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचे नेते म्हणून समाजापुढे उभे केले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. कोल्हापूरची वाट पुढे चालूच राहिली.

आज वेगळेपणाचे दुसरेच रूप दिसते. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातील काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. शाहूंचे वेगळेपण वंचिताला आत आणण्यासाठी होते, हे वेगळेपण सोवळे जपण्यासाठी आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजणे ही लबाडी आहे.

मिरा-भाईंदरसारख्या लोकलच्या वाटेवरील शहरात मराठवाडा-विदर्भातून आलेला आपला विद्यार्थी भाड्याची खोली शोधतो, तेव्हा त्याला जात विचारत नाहीत. आडनाव विचारतात, मटण-मासळी खातोस का ते विचारतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पण खात्यात पैसे आले म्हणून घरमालकाचे दार उघडतेच असे नाही.

म्हणून चळवळीतील कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. महापालिका व समाजकल्याण खात्याकडे मुला-मुलींच्या वसतिगृहासाठी भूखंडाचा आग्रह धरावा. आणि तोवर आपल्या विहारांच्या खोल्या परीक्षेच्या काळात तरी बाहेरगावच्या मुलांना राहण्या-अभ्यासाला उघड्या कराव्यात. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा त्यांच्या जेवणासाठी निघाला, तर शाहूंच्या प्रतिमेला घातलेला हार सार्थकी लागेल.